एकशे साठ अक्षरांचा हुकूम

२००६ च्या पावसाळ्यातला एक शनिवार. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात मी एक मोडी पत्र वाचत बसलो होतो. पत्रात एका गावच्या कुलकर्ण्याचे नाव आले. हेच नाव आपण पूर्वी पेशवे दफ्तरातल्या एखाद्या रुमालात वाचले आहे असे वाटत होते. पण कोणत्या, ते आठवेना. माझी टिपणे सातारा जिल्ह्यातल्या माझ्या घरी, संगणकात होती. घर शंभरावर किलोमीटर दूर. मी व्हरांड्यात आलो, खिशातला फोन काढला आणि रोमन लिपीत दोन शब्द टंकले : 'शोध' आणि त्यापुढे ते आडनाव. संदेश माझ्याच घरात ठेवलेल्या दुसऱ्या नंबरवर पाठवला. मिनिटभरात फोन वाजला. उत्तरात तीन नोंदी होत्या, तीन रुमालांचे क्रमांक आणि तीन साले. घरात त्या वेळी कोणीही नव्हते. उत्तर संगणकाने दिले होते.

आज याचे कोणाला नवल वाटणार नाही. टिपणे आता 'क्लाऊड'वर असतात आणि नातवंडे बोलून दिवे लावतात. पण त्या काळी माझ्या फोनवर इंटरनेट नव्हते आणि घरी होते ते टेलिफोनच्या तारेवरून तासाच्या हिशेबाने मिळणारे. तारेवर जोडणी करायची, काम झाले की तोडायची. अशा संगणकाला बाहेरून हाक मारायला कायमचा पत्ताच नसे. मोबाईलच्या लघुसंदेशाला, म्हणजे एसएमएसला, मात्र पत्ता होता : दहा आकडी नंबर. त्या अरुंद फटीतून घरचे यंत्र चालवता येते, हे जगभरच्या अनेक हौशी आणि गरजू माणसांनी साधारण एकाच दशकात शोधून काढले. मी त्यांच्यातला एक. शिक्षणाने वाणिज्य शाखेचा, नोकरीने एका सहकारी संस्थेतला कारकून. मोडी आणि संगणक या दोन्ही गोष्टी रात्री जागून, चुकतमाकत शिकलेला.

ही व्यवस्था आली तशी गेली. तिचे अवशेष कोणत्याही दफ्तरखान्यात जाणार नाहीत, म्हणून हा लेख. शिवाय दुरून यंत्राला हुकूम देण्याच्या खटाटोपात तीन प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहतात. हुकूम कोणाचा, हे यंत्राने कसे ओळखावे? हुकूम पोचला आणि बजावला गेला, हे माणसाने कसे जाणावे? आणि हुकूम कधीपर्यंत लागू? हे प्रश्न मोबाईलपेक्षा फार जुने आहेत.

तारेच्या टोकाला यंत्र

गणकयंत्राला दुरून काम सांगण्याचा पहिला जाहीर प्रयोग ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेत झाला. बेल प्रयोगशाळेतील गणितज्ञ जॉर्ज स्टिबिट्झ यांनी टेलिफोनच्या रिले वापरून संमिश्र संख्यांची गणिते करणारे यंत्र उभारले होते. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संमेलन न्यू हॅम्पशायर राज्यात, हॅनोव्हर येथील डार्टमथ कॉलेजात भरले होते. यंत्र होते न्यूयॉर्कला, सुमारे चारशे किलोमीटरवर. स्टिबिट्झ यांनी ते हलवण्याऐवजी हॅनोव्हरला एक टेलिप्रिंटर ठेवला आणि तारेवरून जोडला. येथे गणित टंकायचे, तेथे ते सुटायचे, उत्तर येथे छापून यायचे. प्रेक्षकांत नॉर्बर्ट वीनर आणि जॉन मॉकली होते. मॉकली पुढे एनिॲक या प्रसिद्ध संगणकाच्या निर्मात्यांपैकी एक झाले.

त्या प्रयोगात ओळखीचा प्रश्न नव्हता, कारण तार एकच आणि तिच्या टोकाला बसलेला माणूस ठाऊक असलेला. सार्वजनिक तारेत तसे नव्हते. तेथे शब्दाला पैसे पडत, त्यामुळे कमी शब्दांत मोठा मजकूर बसवण्याची विद्या लोकांनी कमावली. आपल्याकडच्या तारखात्याने तर शुभेच्छांची वाक्ये आधीच ठरवून त्यांना क्रमांक दिले होते. फॉर्मवर फक्त क्रमांक लिहायचा. पलीकडचे कार्यालय पूर्ण वाक्य छापून देई. वाचकांतल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, त्या यादीतला पहिला क्रमांक दिवाळीच्या शुभेच्छांचा होता, आणि आठवा सुखी व दीर्घ वैवाहिक जीवनाच्या सदिच्छांचा. लग्नघरी आलेल्या तारांच्या गठ्ठ्यात पन्नासांपैकी चाळीस आठ नंबरच्या असत. दोन्ही टोकांना एकच यादी असेल तर एक आकडा पुरे होतो, हे तत्त्व पुढे मीही वापरले. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

संगणकाला टेलिफोनवरून बोलते केले मोडेमने. या इतिहासात १९८१ साल महत्त्वाचे. अमेरिकेत डेनिस हेज यांच्या कंपनीने 'स्मार्टमोडेम' बाजारात आणला. तोवर मोडेम म्हणजे केवळ आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे आवाजात रूपांतर करणारी पेटी. हेजच्या मोडेमला हुकूम कळत. प्रत्येक हुकमाची सुरुवात 'ए' आणि 'टी' या दोन अक्षरांनी, म्हणजे इंग्रजीतल्या 'लक्ष दे' या शब्दाच्या लघुरूपाने होई. अडचण अशी की हुकूम आणि मजकूर एकाच तारेने जाणार. मग मोडेमने कोणते अक्षर पुढे धाडायचे आणि कोणते स्वतः पाळायचे? हेजच्या कंपनीने तोडगा काढला : क्षणभर पूर्ण शांतता, मग अधिकची तीन चिन्हे, पुन्हा शांतता. शांततेने वेढलेली ती तीन चिन्हे दिसली की मोडेम समजे, आता बोलणे माझ्याशी आहे. यंत्राशी बोलण्यात न बोलण्यालाही अर्थ असतो, हे मला यातून प्रथम कळले.

बॉनमधला टंकलेखनाचा प्रयोग

युरोपात १९८० च्या दशकात जीएसएम या समाईक मोबाईल पद्धतीची आखणी चालू होती. त्या कामात असलेले जर्मन अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रांड १९८५ मध्ये बॉनमधल्या आपल्या घरी टाइपरायटरवर सुचतील ती वाक्ये आणि प्रश्न टंकत बसले. प्रत्येकातली अक्षरे, चिन्हे, मोकळ्या जागा मोजल्या. जवळपास सगळी वाक्ये १६० च्या आत मावली. पोस्टकार्डांवरचा मजकूर आणि टेलेक्सचे संदेश यांनीही त्यांच्या अंदाजाला दुजोरा दिला.

मुळात ही मर्यादा जागेतून आलेली होती. मोबाईल फोन आणि मनोरा यांच्यात बोलण्याची एक वाट असते, आणि फोन वाजवणे, जोडणी लावणे, फोन कोणत्या मनोऱ्याखाली आहे हे कळवणे असल्या सरकारी कामांची दुसरी वाट असते. ही दुसरी वाट बराच वेळ मोकळी पडलेली असे. तिच्यावरून लहान चिठ्ठ्या धाडता येतील, असा विचार होता. चिठ्ठीला जागा मिळाली १४० बाइटांची, म्हणजे १,१२० बिटांची. एका अक्षराला सात बिट दिले तर १६० अक्षरे होतात. गणित साधे आहे.

पण ती सात बिटांची अक्षरमाला युरोपची होती. रोमन अक्षरे, युरोपीय भाषांची काही स्वरचिन्हे, काही ग्रीक अक्षरेसुद्धा तीत होती, देवनागरी नव्हती. देवनागरीसाठी अक्षरामागे सोळा बिटांची पद्धत वापरावी लागते आणि संदेश ७० वर येतो. तेही डोळ्यांना दिसणारी अक्षरे नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची प्रत्येकी वेगळी जागा मोजली जाते. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात. यंत्राच्या लेखी त्या अकरा जागा. एका रुपयाला इंग्रज १६० अक्षरे लिहिणार आणि मराठी माणूस ७० जागा भरणार, हा भेद कोणी द्वेषाने केला नव्हता. आखणीच्या टेबलाशी आपण नव्हतो, एवढेच. पण परिणाम असा झाला की एका पिढीने मराठी रोमन लिपीत लिहायची सवय लावून घेतली. माझ्या टिपणांची अनुक्रमणिकाही याच कारणाने मी रोमनमध्ये केली.

पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. नील पॅपवर्थ या बावीस वर्षांच्या अभियंत्याने व्होडाफोनचे अधिकारी रिचर्ड जार्व्हिस यांना नाताळच्या शुभेच्छा धाडल्या. या घटनेतली एक बाब सहसा सांगितली जात नाही. तो संदेश फोनवरून गेलाच नव्हता. फोनवर अक्षरे टंकायची सोय तेव्हा नव्हती; पॅपवर्थनी तो संगणकावर टंकला. म्हणजे लघुसंदेशाच्या जन्मापासूनच एका टोकाला संगणक होता. पुढच्या हौशी लोकांनी फक्त दिशा उलटी केली.

फोनला जोडलेला संगणक

ही दिशा उलटी करता आली याचे श्रेय हेजच्या 'लक्ष दे'ला. जीएसएमच्या मानकांत संगणकाने फोनला कसे हुकूम द्यावेत याचा तपशील ठरवला गेला, तेव्हा तीच पद्धत उचलली. 'ए-टी'च्या पुढे ठरलेली चार अक्षरे जोडली की फोन आलेला संदेश वाचून दाखवी. दुसरी चार जोडली की नवा संदेश धाडी. कारखान्यांतली आणि मीटरवरची यंत्रे बोलती करण्यासाठी सीमेन्स, वेव्हकॉम अशा कंपन्यांचे जीएसएम मोडेम मिळत. पण ते महाग. घरगुती माणसाकडे जुना फोन असे. नोकियाचे बरेच फोन मात्र स्वतःचीच वेगळी बोली बोलत आणि कंपनीने ती खुली केलेली नव्हती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस काही प्रोग्रामरांनी तारेवरून जाणारे आकडे न्याहाळून ती बोली उलगडली आणि 'नोकी' हा मुक्त प्रोग्राम लिहिला. त्याच्याच परंपरेतून 'गामू' आला. गामूत एक लहानशी सोय होती : संदेश आला की अमुक प्रोग्राम चालव. घरच्या संगणकाला दुरून चालवण्याची सगळी विद्या त्या एका ओळीत होती.

माझ्याकडे नोकिया ६६१० हा जुना फोन होता. केबल पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळाली. दुकानदाराने "गाणी टाकायला पाहिजे का?" असे विचारले, मी हो म्हटले, कारण खरे सांगायला वेळ लागला असता. संगणकावर गामू चढवायला तीन रविवार लागले. पुढचा प्रोग्राम मी स्वतः लिहिला. त्याला चार हुकूम कळत : शोध, यादी, जागा आहेस का, आणि बंद हो. तारखात्याची आठवण ठेवून प्रत्येकाला आकडाही दिला. आठ नंबर मात्र मी रिकामा ठेवला.

भारनियमनाचे ते दिवस होते. आमच्या तालुक्याला दिवसाचे कित्येक तास लाईट नसे. फोनला स्वतःची बॅटरी असल्याने तो जागा राही आणि आलेले संदेश पोटात ठेवी. लाईट आली की संगणक आपोआप सुरू व्हावा अशी सोय त्याच्या मूळ रचनेतच असते. ती मी चालू केली होती. संगणक उठला की आधी फोनमधली टपाल काढी आणि एकेक उत्तर धाडी. पुण्याच्या दफ्तरखान्यात बसून सकाळी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कधी कधी परतीच्या एसटीत मिळे. तरी ते मिळे.

खर्चाचेही सांगायला हवे. मे २००३ पासून येणाऱ्या कॉलचे पैसे पडेनासे झाले आणि मोबाईल सामान्यांच्या खिशात आला. एसएमएसच्या स्वस्त योजनाही निघाल्या. पण सणांच्या दिवशी त्या योजना लागू नसत. त्या दिवसांना कंपन्यांच्या भाषेत 'ब्लॅकआऊट डे' म्हणत. लोक सर्वांत जास्त संदेश धाडणार त्याच दिवशी पूर्ण दर. म्हणून लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माझा संगणक मौन पाळी.

उशिरा पोचलेला हुकूम

२००७ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. शेजारच्या गावातल्या एका घराण्याने आपल्याकडचे अकरा मोडी कागद दोन दिवसांसाठी दिले होते. सोमवारी सकाळी परत करायचे, या अटीवर. त्या काळी आमच्याकडे डिजिटल कॅमेरा नव्हता. शुक्रवारी रात्री बसून मी त्यांचे वाचन वहीच्या सुट्या पानांवर घाईघाईत उतरवले. शनिवारी मला पुण्याला जाणे भाग होते. पत्नीने ते वाचन मूळ कागदांशी ताडून, दुरुस्त करत संगणकावर टंकायचे ठरवले. माझ्याइतकीच मोडी तिलाही येते. किंबहुना घसटी अक्षरे तिला जास्त लागतात.

सकाळी साडेदहाला मी पुण्यातून 'बंद हो' हा हुकूम धाडला, कारण अकराला भारनियमन ठरलेले आणि यूपीएसची बॅटरी थकलेली. उत्तर आले नाही. तिकडे त्या दिवशी लाईट गेलीच नाही. दुपारी जेवणे आटोपून पत्नी संगणकावर बसली. चार वाजून दहा मिनिटांनी माझा सकाळचा हुकूम पोचला. मी प्रोग्राम असा लिहिला होता की चालू असलेली सर्व कामे न विचारता मोडायची आणि तत्काळ बंद व्हायचे. पडदा काळा झाला. दोन तासांचे टंकलेखन गेले. तिने दुरुस्त्या थेट पडद्यावर केल्या होत्या, कागदावर नाही.

रात्री मी घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "त्या यंत्राला समोर कोण बसलंय ते दिसत नाही. तुम्हालाही दिसत नव्हतं का?"

रविवारी लाईटने दगा दिला. सोमवारपर्यंत अकरापैकी चार कागदांचे ताडलेले वाचन पुन्हा उभे राहिले. कागद ठरल्या वेळी परत केले. उरलेल्या सातांसाठी दिवाळीनंतर पुन्हा गेलो, तेव्हा वाडा विकला गेला होता आणि कागद मुंबईच्या भावाकडे गेले होते. ते पुन्हा पाहायला मिळाले नाहीत. माझ्या सुट्या पानांवरचे घाईचे वाचन आजही आहे. पण त्यावर मी काही छापणार नाही.

या चुकीचे कारण शोधताना मला एसएमएसची खरी प्रकृती समजली. लघुसंदेश हा टेलिफोन नव्हे, टपाल आहे. तो आधी कंपनीच्या संदेश केंद्रात जाऊन पडतो आणि पलीकडचा फोन सापडेल तेव्हा पुढे जातो. तोवर तो थांबून राहतो. किती वेळ थांबावे, हे पाठवणाऱ्याला ठरवता येते : या पद्धतीत कमीत कमी पाच मिनिटे आणि जास्तीत जास्त ६३ आठवडे. नोकियाच्या मेनूत ही सोय होती. मी ती 'जास्तीत जास्त' वर ठेवलेली होती, कारण मला ती शुभेच्छांच्या सोयीची वाटली होती. शिवाय प्रत्येक संदेशावर संदेश केंद्र आपली वेळ उमटवते. माझ्या त्या हुकमावर सकाळची १० वाजून ३१ मिनिटे ही वेळ स्पष्ट होती. यंत्राला ती वाचता येत होती. वाचायला मी सांगितले नव्हते.

आणि लाज वाटली ती यापुढच्या गोष्टीची. ज्या कागदांसाठी हा खटाटोप चालला होता, ते कागद हेच शिकवत होते. मराठेशाहीतल्या पत्रावर लिहिल्याचा चंद्र घातलेला असतो. आणि पुष्कळ पत्रांवर, पत्र पोचल्यावर घेणाऱ्याच्या कारकुनाने मारलेला 'पै॥' म्हणजे पैवस्ता झाल्याचा शेरा आणि त्याचा वेगळा चंद्र असतो. लिहिणे आणि पोचणे या दोन घटना आहेत, त्यांच्यामध्ये नदीला पूर येऊ शकतो, जासूद अडकू शकतो, स्वारीचा मुक्काम हलू शकतो, हे त्या कारकुनाला पुरते ठाऊक होते. पत्राच्या अखेरीस लेखनसीमेचा शिक्का असे, तो यासाठी की मजकूर येथे संपला, यापुढे कोणी काही घुसडले तर ते आमचे नव्हे. गंमत अशी की फोनला संदेश धाडायला सांगताना मजकूर संपल्याची खूण म्हणून संगणकालाही एक ठरावीक चिन्ह शेवटी द्यावे लागते. ते दिल्याखेरीज फोन काहीच धाडत नाही. लेखनसीमा मी रोज वापरत होतो. पैवस्ता मात्र विसरलो होतो.

मी प्रोग्राम बदलला. दहा मिनिटांपेक्षा जुना 'बंद हो' पाळायचा नाही. पाळण्याआधी पडद्यावर पाच मिनिटे सूचना दाखवायची. समोरच्या माणसाने 'नको' म्हटले तर त्याचे ऐकायचे, माझे नाही. आणि प्रत्येक हुकमाची नोंद ठेवायची : धाडल्याची वेळ, पोचल्याची वेळ, पाळला की नाही. कचेरीत आवक-जावकाची बारनिशी असते, तशी.

रात्रीची लाईट आणि नदीकाठची मोटर

माझी गरज चैनीची म्हणता येईल. महाराष्ट्रात दुरून हुकूम देण्याची खरी निकड होती शेतकऱ्याला. शेतीपंपांना थ्री फेज लाईट पाळीपाळीने, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री मिळे. मोटर नदीकाठी किंवा विहिरीवर, वस्ती दोन-तीन किलोमीटर दूर. लाईट आली का, मोटर चालू झाली का, हे बघायला अंधारात, चिखलातून, साप-विंचवातून जायचे. तिथे जावे तर लाईट गेलेली. रात्रीची दारे धरणारा माणूस सकाळी काय अवस्थेत घरी येतो, हे आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही.

पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी या प्रश्नावर 'नॅनो गणेश' हे उपकरण तयार केले. मोटरच्या स्टार्टरला मोबाईल जोडायचा. शेतकऱ्याने आपल्या फोनवरून ठरलेले आकडे दाबले की मोटर चालू किंवा बंद होते, आणि तिकडे लाईट आहे की नाही हेही कळते. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत या कल्पनेला पुरस्कार मिळाला. पुढे अनेकांचे 'मोबाईल स्टार्टर' बाजारात आले. काही कॉलवर चालत, काही एसएमएसवर. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला एसएमएसवर चालणारा दिवा-पंखा हा ठरलेला प्रकल्प झाला.

नॅनो गणेशमध्ये आणि माझ्या खटाटोपात एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. शेतकऱ्याचा हुकूम कॉलवर जातो, म्हणजे दोन्ही टोके त्या क्षणी जागी असतात. हुकूम शिळा होत नाही. उत्तरही लगेच येते. मोटरसारख्या वस्तूला टपालापेक्षा हाक बरी. माझी चूक होऊन गेल्यावर मला हे शहाणपण सुचले. ओस्तवालांनी ते आधीच यंत्रात घातले होते.

हुकूम कोणाचा?

राहिला ओळखीचा प्रश्न. माझा प्रोग्राम आलेल्या संदेशावरचा नंबर पाही आणि तो माझा असेल तरच हुकूम पाळी. मला हे कडेकोट वाटत होते. मग कळले की घाऊक संदेश धाडणाऱ्या काही सेवांतून पाठवणाऱ्याच्या जागी हवा तो नंबर घालता येतो. म्हणजे नंबर हा चेहरा नव्हे, पाकिटावर लिहिलेले नाव आहे, आणि ते कोणीही लिहू शकतो. तेव्हापासून मी कागदावर शंभर परवलीचे शब्द लिहून ठेवले. प्रत्येक हुकमासोबत एक; वापरला की खोडायचा.

माझ्या अनुक्रमणिकेवर कोण डल्ला मारणार, असे म्हणून हसता येईल. पण याच तंत्राचे दुसरे रूप मार्च २०१४ मध्ये सिमँटेक या सुरक्षा कंपनीने उघड केले. मेक्सिकोत चोरांनी एटीएमच्या पेटीत, आतल्या संगणकाला तारेने एक मोबाईल जोडून ठेवला होता. त्याला वीज एटीएमकडूनच मिळे. बाहेरून दोन एसएमएस धाडायचे : पहिल्याने आतला विषाणू जागा व्हायचा, दुसऱ्याने नोटा बाहेर पडायच्या. समोर उभ्या हस्तकाने त्या फक्त गोळा करायच्या. रचना माझ्या घरच्यासारखीच : फोन, तार, संदेश आला की चालणारा प्रोग्राम.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. ट्विटर २००६ मध्ये निघाले ते एसएमएसच्या मापाने. १६० पैकी २० जागा नावाला सोडून १४० मजकुराला. नोंदवलेल्या नंबरवरून संदेश धाडला की तो तुमच्या नावाने प्रसिद्ध होई. ३० ऑगस्ट २०१९ रोजी खुद्द संस्थापक जॅक डॉर्सी यांच्या खात्यावरून शिवीगाळ प्रसिद्ध झाली. हल्लेखोरांनी त्यांचा नंबर आपल्या ताब्यात घेतला होता, आणि यंत्र नंबरालाच ओळखत होते. काही दिवसांत ट्विटरने ती सोय थांबवली.

आज आपल्याकडे बँकेचा ओटीपी याच नंबरावर येतो. पूर्वी माणूस एसएमएसने यंत्राला हुकूम देई; आता यंत्र एसएमएसने माणसाला विचारते, तू तोच का? फसवणूक करणारा सिमकार्डच बदलून घेतो, किंवा फोनवर गोड बोलून तो आकडा काढून घेतो. यंत्राच्या लेखी आकडा बरोबर असतो. १९४० मध्ये हॅनोव्हरला टेलिप्रिंटरशी कोण बसले आहे हे सर्वांना दिसत होते. आपण ते दिसणे सोडून दिले आणि त्याच्या बदल्यात अंतर मिळवले.

शेवटची नोंद

माझी व्यवस्था दोन सरकारी निर्णयांनी खिळखिळी केली. सप्टेंबर २०११ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जाहिरातींचा उपद्रव रोखण्यासाठी एका सिमवरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घातली, पुढे ती २०० केली. मला १०० पुष्कळ होते. पण ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या लोकांविषयीच्या अफवांनी शहरे रिकामी होऊ लागली, तेव्हा काही दिवस मर्यादा पाच संदेशांवर आली आणि मग वीसवर. त्या दिवसांतली माझी बारनिशी पाहिली तर पाच उत्तरांपुढे ओळींमागून ओळी 'धाडता आले नाही' अशा आहेत. बंगळुरू-पुण्याच्या स्थानकांवर गाड्या भरून जाणाऱ्या माणसांची ती नोंद नाही. पण देशात त्या आठवड्यात काहीतरी बिघडले होते, एवढे एका कारकुनाच्या संगणकालाही लिहून ठेवावे लागले.

पुढच्या वर्षी घरी ब्रॉडबँड आले, नंतर चांगला फोन. बारनिशीत एकूण २,३१४ नोंदी आहेत. मी ती कागदावर छापून घेतली आणि मोडी टिपणांच्या गठ्ठ्याशेजारी रुमालात बांधून ठेवली. प्रत्येक ओळीत धाडल्याची वेळ आहे आणि पोचल्याचीही. २००७ च्या ऑक्टोबराआधीच्या ओळी मात्र नाहीत, कारण तेव्हा मी नोंदी ठेवत नव्हतो. त्या जागी पत्नीने स्वतःच्या हाताने एक पान लावले आहे. त्यावर त्या सात कागदांची यादी आहे : प्रत्येकाचा चंद्र, गाव आणि पहिल्या ओळीतले तिला आठवणारे शब्द. मुंबईच्या त्या भावाचा शोध अजून चालू आहे.